चिंचेपासून ब्याण्णव पावले

जे. पी. नगर, बंगळूर
ता. १६ फेब्रुवारी १९९९

तीर्थस्वरूप दामोदरमामांच्या चरणी भाचा योगीराज याचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ नाही हे तुमच्या लगेच ध्यानात येईल आणि पोराला बंगळूरचे वारे लागले असे तुम्ही सगुणामामीला म्हणाल. तसे नाही. ‘श्री’शी सध्या माझे जरा अवघडलेले आहे, कारण खाली येईलच. तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला थांबला का? हरभरा यंदा बरा आहे ना? (हरभऱ्याचा विषय पुढे निघणार आहे, म्हणून आत्ताच विचारून ठेवतो.) आईने माझी चौकशी केली तर मी मजेत आहे असे सांगावे. चार दिवस अन्न गोड लागत नाही आणि ऑफिसात कोणी नुसते नावाने हाक मारली तरी हातातला चहा सांडतो, हे सांगू नये.

माझ्या उमेदवारीचे सहा महिने या महिनाअखेर संपतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. कायम झाल्याचे पत्र दाखवले की आमची घरमालकीण पुष्पावतीअक्का मागची खोली द्यायला तयार आहे, आणि मग आईला इथे आणता येईल. तुम्ही तिला कधी परकी मानली नाहीत, पण तीन वर्षे तिने भावाच्या घरी काढली, आता तिला माझ्या घरी आणावे असे मनापासून वाटते. सगळा जीव त्या एका पत्रात अडकला आहे.

काम काय करतो असे तुम्ही दर वेळी विचारता आणि दर वेळी मी ‘कॉम्प्युटरचे’ म्हणून सुटतो. या खेपेला नीट सांगणे भाग आहे. एका तालुक्याच्या गावच्या पाणीखात्यासाठी आम्ही अशी सोय करतो आहोत, की साहेबाने टेबलावर बसून गावाचा नकाशा उघडावा, नळावर टिचकी मारावी आणि तो नळ कधी पुरला, किती जाडीचा, ते समोर यावे. नकाशाचा डेटाबेस एका यंत्रात आणि पाने दाखवणारा प्रोग्रॅम दुसऱ्यात. त्या दोघांची गाठ घालून देणे हे माझे काम. एका फाईलीत लिहून द्यायचे, की अमक्या यंत्राकडे जा, अमका डेटाबेस उघड, नाव हे, पासवर्ड हा, अंतरे मीटरमध्ये समज. ऐकायला सोपे वाटते. पण एक टिंब इकडचे तिकडे झाले की पडदा पांढराफटक, आणि प्रोग्रॅम कारण सांगत नाही. (रुसलेला जावई निदान कोणाकडून तरी निरोप पाठवतो.)

आमचे साहेब श्रीधरराव. चार पिढ्या इथल्याच, बंगळूरच्या शिवाजीनगरात गेलेले घर, त्यामुळे मराठी आपले आणि शब्द निम्मे कन्नड. त्यांचा एक दंडक आहे. जोडणी तपासायला जो खोटा नकाशा भरायचा तो खऱ्यासारखा हवा. एकदा कोणी ‘अबक’ आणि ‘कखग’ भरून ठेवले होते आणि गिऱ्हाईक रागावून उठून गेले होते. आता मी खऱ्यासारखी जागा आणणार कुठून? तेवढ्यात संक्रांतीला तुमचे पाकीट आले. शेताचा हाताने काढलेला नकाशा, आणि ‘कॉम्प्युटरवर याची सुबक प्रत काढ’ अशी आज्ञा. एका दगडात दोन पक्षी म्हणून मी तुमचे शेतच डेटाबेसात भरले. चिंच, विहीर, गोठा, कुंपण, आणि प्रत्येकाशेजारी तुम्ही लिहिलेल्या टिपासुद्धा, इंग्रजी अक्षरांत जशाच्या तशा. अंतरे तुम्ही पावलांत दिली होती. डेटाबेसाला पावले कळत नाहीत. त्याच्या यादीत मीटर आहे, फूट आहे, मैलसुद्धा आहे. मी मीटर निवडले. चिंचेपासून कुंपण ब्याण्णव पावले, ते झाले ब्याण्णव मीटर. खोट्या नकाशाला काय फरक पडतो, असे तेव्हा वाटले.

गेल्या शुक्रवारी पाणीखात्याचे रघुपतीसाहेब काम पाहायला आले. सकाळी मी खऱ्या गावाच्या जोडणीची नवी फाईल लिहायला बसलो. अख्खी नोकरी त्या एका फाईलीवर होती. आणि मामा, लहानपणी तुम्हीच शिकवलेत की कोरा कागद पुढे आला की आधी माथ्यावर ‘श्री’. सहा महिन्यांत शंभर फाईली लिहिल्या, कधी तसे केले नाही. त्या दिवशी मात्र पहिल्या ओळीवर तो शब्द टाइप केला, मनोमन हात जोडले आणि मग पुढचे लिहिले. बाकी सगळे बिनचूक होते. पण पहिलीच ओळ कळली नाही की प्रोग्रॅम अख्खी फाईल नाकारतो आणि निमूट जुनी, म्हणजे तुमच्या शेताची, उचलतो. (हे शेजारच्या टेबलावरच्या रंजिताने नंतर शोधून दिले. ती हसली नाही, याबद्दल मी तिचा जन्माचा ऋणी आहे.)

रघुपतीसाहेबांनी नकाशा उघडला आणि पडद्यावर तुमचे शेत आले. ते गावाची पाण्याची टाकी शोधत होते. त्यांना गोठा सापडला. मग त्यांनी कुंपणावर टिचकी मारली आणि तुमची टीप वर आली: ‘येथे तीन फूट पट्टी रघुजी काशीस गेला असता घेतली.’ साहेब म्हैसूरकडचे, मराठी येत नाही. त्यांनी श्रीधररावांकडे पाहिले. मी तोंड उघडणार, तोच श्रीधरराव माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाले, “योगी, स्वल्प थांब, मी बोलतो.” आणि त्यांनी सांगितले, की हा मुद्दाम केलेला नमुना आहे, ही हद्दीची शास्त्रीय नोंद आहे, आणि आमच्या पोराने स्वतः टेप लावून हे मोजले आहे.

साहेब इतके खूश झाले की त्यांनी नकाशाची रंगीत प्रत मागून घेतली आणि त्यावर श्रीधररावांची सही घेतली. मला वाटले, सुटलो. तर नकाशावरचे गावाचे नाव वाचून म्हणाले, बेळगावला जाताना हे गाव वाटेतच लागते. बुधवारी चोवीस तारखेला उतरून चिंचेपासून कुंपणापर्यंत टेप लावून पाहू, एवढे अचूक असेल तर सगळे काम तुम्हालाच. ते गेल्यावर श्रीधररावांनी मला आत बोलावले. “नकाशा जमिनीशी जुळला तर तू कायम. नाही जुळला तर सरी, तू दुसरं बघ.” (‘सरी’ म्हणजे इकडे ‘बरं’.) माणूस वाईट नाही. पावलांची गोष्ट त्यांना सांगायचा माझा धीर मात्र झाला नाही.

असो. इकडील क्षेम असे आहे. मामीला नमस्कार, आईला काळजी करू नये म्हणून सांगावे, आणि माझ्यावरची माया आहे तशीच राहू द्यावी, निदान चोवीस तारखेपर्यंत.

तुमचा
योगीराज

ता. क. तुमचे पाऊल अडीच फुटांचे धरले तर ब्याण्णव पावलांचे सत्तर मीटर होतात. म्हणजे बावीस कमी पडतात. सही झालेला नकाशा आता बदलता येत नाही. तेव्हा बुधवारी फक्त एक दिवस आपले कुंपण बावीस मीटर पुढे, शेजारच्या रघुजीकाकांच्या हरभऱ्यात, नेऊन उभे करावे. साहेब गेले की परत आणावे. मामा, आजवर तुमच्याकडे काही मागितले नाही.

ता. क. दुसरा. फोन केला नाही, कारण गावातला एकुलता फोन रघुजीकाकांच्या ओसरीत आहे.

ता. क. तिसरा. त्यांच्या शेतात शिरायचे तर त्यांची परवानगी हवी, आणि ती मागायचा संकोच तुम्हाला होईल म्हणून मीच त्यांना सविस्तर पत्र घातले आहे. कुंपण नेमके कुठे न्यायचे ते कळावे म्हणून सोबत नकाशाची रंगीत प्रत जोडली. त्यांना इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत, म्हणून प्रत्येक टीप त्याखाली ठळक मराठीत लिहून काढली. एकही टीप सोडली नाही. हे मला आत्ता, हे पत्र लिहिताना, लक्षात आले. ते पत्र कालच्या टपालाने गेले.