चेहऱ्याला डबल कोट

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. कारण आजपासून आयुष्य बदलायलंय.

मिनलचा बायोडाटा आला. राहणार देहूरोड. वय ३६. चिखलीच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, पार्ट तपासते. आईवडील नाहीत, रोहिदास मामांनी वाढवलं. फोटोत हसत नाही. चांगलं आहे. हसऱ्या बाया पुढं लई बोलतात.

बघायचा कार्यक्रम २० तारखेला, गुरुवारी. तिलाही गुरुवारची सुट्टी, मलाही. म्हणजे जुळतंय. माझा रूम पार्टनर सनी म्हणाला, भिवाभाऊ, अख्ख्या एमआयडीसीला गुरुवारचीच सुट्टी आहे. सनी चोवीसचा आहे. त्याला प्रेमातलं कळत नाही.

माझ्या बायोडाटात वय ३७. आधारवर ४३ आहे, पण आधार चुकलेलं आहे. आमच्या परभणीकडच्या शाळेत गुरुजींनी सगळ्या पोरांची जन्मतारीख १ जून टाकली आणि साल अंदाजे. माझं १९८२ टाकलं. सहा वर्षं जादा धरली, असा माझा अभ्यास आहे. सनीनं बोटं मोजली. म्हणाला, म्हणजे तू ८८ ला जन्मलास आणि ८८ लाच पहिलीत बसलास. पाटी कोण धरायचं, माय? आयटीआय केलेल्या पोरांना आपण लई हुशार असं वाटतं.

नाव पण भावेश टाकलंय. भिवा म्हटलं की समोरचा आपोआप दहा वर्षं वाढवतो.

हे चौदावं स्थळ. आधीच्या तेरांचं इथं लिहीत नाही, वही लहान आहे. माय फोनवर म्हणाली, हे शेवटचं बाबा. माझे पाय चालत नाहीत, इथून पुढं कुणाच्या दारात जायची नाही मी.

४ नोव्हेंबर

आरशात नीट बघितलं. कपाळावर तीन रेघा. डोळ्यांखाली पिशव्या. हे वय नाही, भट्टी आहे. हीट ट्रीटमेंटला अठरा वर्षं उभा आहे. तिथं लोखंड कडक होतं. मी थोडा सैल पडलो, इतकंच.

कंपनीच्या बसमध्ये नवीन ट्रेनी उठला, म्हणाला, काका बसा. बसलो, कारण गुडघा दुखायला होता. पण काका आवडलं नाही.

ठराव: पाणी रोज चार लिटर. मावा बंद. उशीशिवाय झोपायचं.

५ नोव्हेंबर

मावा बंद होता, दुपारपर्यंत. पाण्यामुळं भट्टीवरून सात वेळा जावं लागलं. सुपरवायझर म्हणाला, शुगर तपासून घ्या, या वयात होते. त्याचं वय एकोणतीस. मान अवघडली आहे. उशी परत घेतली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ताथवड्याला गेलो, चेहऱ्याच्या क्लिनिकात. काच, एसी, मऊ सोफा. फॉर्मवर वय लिहायचं होतं. एसीत एकदम फ्रेश वाटलं म्हणून ३२ लिहिलं.

डॉक्टर चित्रा मॅडमनी फॉर्म बघितला, मग मला बघितलं, मग परत फॉर्म. म्हणाल्या, बत्तिसाव्या वर्षी एवढं? घरात कुणाला काही आजार आहे का? रक्त तपासू या.

दोन रस्ते सांगितले. एक सर्जरी. कानापुढं कापायचं, कातडी मागं ओढून शिवायची, डोळ्यांखालच्या पिशव्या काढून टाकायच्या. दोनतीन आठवडे सूज. दुसरा विनासर्जरी. बोटॉक्सची इंजेक्शनं, फिलर, लेझर, नाहीतर पील, म्हणजे औषध लावून वरची कातडी सोलायची. ते काही महिनेच टिकतं. म्हटलं, माझ्यासाठी कुठला? म्हणाल्या, बत्तिसाव्या वर्षी मी सर्जरी करत नाही. आधी तीन महिने सनस्क्रीन लावा, मावा सोडा, मग बोलू.

तीन महिने! माझ्याकडं चौदा दिवस आहेत.

निघताना मॅडम म्हणाल्या, तुम्ही चाळिशीच्या पुढचे असता ना, तर मी म्हणाले असते, छान राखलाय चेहरा, काही करू नका.

त्यांना तरुण पेशंटशी बोलता येत नाही.

७ नोव्हेंबर

सर्जरी पक्की. वेल्डिंग एकदा नीट बसलं की सुटत नाही, तसं. बाकीचं सगळं नुसतं पेंट.

ईएसआयच्या दवाखान्यात विचारलं, होईल का? डॉक्टर म्हणाले, कुठं कापलंय? म्हटलं, अजून नाही, तुम्हीच कापायचं. त्यांनी पुढच्याला आत बोलावलं.

१० नोव्हेंबर

विनासर्जरी पक्की. सूज घेऊन कार्यक्रमाला गेलो तर मिनलला वाटेल हाणामारी करून आलोय. बोटॉक्स चांगलं. सनीनं मोबाईलवर दाखवलं, कपाळ हलतच नाही. सुपरवायझर ओरडला तरी आपण शांत दिसणार.

११ नोव्हेंबर

बोटॉक्स सुईनं देतात. परवडण्याचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. मागं टीटीचं इंजेक्शन घेताना चक्कर येऊन पडलो होतो, पण ते उपाशी असल्यामुळं.

पील पक्की. त्यात सुई नाही, चाकू नाही. हा मधला रस्ता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी

चिखलीला स्वप्नालीताईंच्या पार्लरमध्ये गेलो. खाली लेथचं वर्कशॉप, वर पार्लर. बायकांनी माझ्याकडं बघितलं. मी बहिणीची वाट बघतोय असं दाखवलं.

ताईंनी औषध लावलं. पाच मिनिटं, एकच हात. मी म्हटलं, डबल कोट मारा. आमच्या पेंट शॉपला सिंगल कोट कुणी पास करत नाही. त्या म्हणाल्या, दादा, हा चेहरा आहे, बोनेट नाही. आठ दिवस उष्णतेत जाऊ नका, महिनाभर परत लावू नका.

दादा म्हणाल्या. काका नाही. एका कोटात एवढा फरक.

गिऱ्हाईक आत आलं तसं त्यांचं लक्ष गेलं. बाटलीत थोडं उरलं होतं. टाकूनच दिलं असतं त्यांनी.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळी

दुसरा कोट मारला. पंधरा मिनिटं. जळजळ होतेय, म्हणजे काम चालू आहे.

१४ नोव्हेंबर

फर्स्ट शिफ्ट. भट्टी नऊशे डिग्रीवर. ताई उष्णता म्हणाल्या होत्या, पण ते उन्हाचं असणार. आमची भट्टी शेडमध्ये आहे. सावलीत.

१५ नोव्हेंबर

रजा. तोंड विटेसारखं झालंय. सनी उठला, मला बघून परत झोपला.

१६ नोव्हेंबर

साल निघायला लागली. नाकावरून मोठा तुकडा आला. सनी म्हणाला, भाऊ, माझ्या ताटावर वाकू नकोस. बोलू दे. आतून नवीन माणूस निघायलाय, थोडा पसारा होणारच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

आमच्या गेटवर हजेरीचं मशीन आहे. चेहरा दाखवला की हिरवा दिवा. आज लाल. परत दाखवला, लाल. हसून दाखवला, लाल. मागं तीस माणसांची लाईन.

गार्ड चतुराबाई आल्या. म्हणाल्या, बाजूला हो रे, कुणाच्या नावावर ड्यूटी करायला आलास? म्हटलं, बाई, मी भिवा. त्या म्हणाल्या, भिवाला मी सहा वर्षं बघते. म्हातारा झालाय, पण एवढा वाईट नाही दिसत. आधार काढ.

आधार दिलं. चतुराबाईंना वाचताना मोठ्यानं वाचायची सवय आहे. भिवा सखाराम वाघमारे, एक सहा ब्याऐंशी. मग खात्री करायला कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला आणि परत वाचलं, त्याला ऐकू कमी येतं म्हणून आणखी मोठ्यानं. ब्याऐंशी, ब्याऐंशी! त्रेचाळीस वर्षं!

गेटच्या बाहेर पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ केव्हाचे थांबलेले. चतुराबाई त्यांना म्हणाल्या, बोला काका, तुमचं काय? ते म्हणाले, भावेश वाघमारे म्हणून मुलगा आहे इथं, चौकशीला आलोय, परमनंट आहे का ते विचारायचं होतं.

चतुराबाई म्हणाल्या, भावेश कुणी नाही. वाघमारे एकच, हा उभा आहे. परमनंट नाही.

मी जय भीम म्हणालो. तोंड उघडलं तशी ओठाजवळची साल खाली पडली. रोहिदास मामा तिच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, हा काही रोग आहे का? म्हटलं, नाही मामा, ट्रीटमेंट आहे. म्हणाले, कशावर?

मी खाली पडलेली साल उचलून खिशात टाकली.

१८ नोव्हेंबर

एका अर्थानं बरं झालं. आता लपवायचं काही राहिलं नाही. शिवाय मामांनी मला सर्वात वाईट दिवशी बघितलंय. इथून पुढं फक्त सुधारणाच दिसणार.

मामांचा फोन आला. मला वाटलं संपलं. पण म्हणाले, पोरगी म्हणतेय की मला स्वतः बघू द्या, तुम्ही या गुरुवारी.

तिला फोटो आवडला असणार.

२० नोव्हेंबर, गुरुवार

देहूरोडला गेलो. सनी बरोबर. साल बरीच निघाली, गालावर नकाशा राहिलाय.

मिनलनं चहा आणला नाही, मामांनी आणला. ती समोर बसली. एका हातात माझा बायोडाटा, दुसऱ्या हातात पेन. म्हणाली, नाव इथं भावेश, आधारवर भिवा. वय इथं सदतीस, आधारवर त्रेचाळीस. आणि चेहरा कुठल्याच कागदाशी जुळेना.

मी गुरुजींचं सांगायला लागलो. सनीनं पाय दाबला.

ती म्हणाली, वयाचं मला काही नाही. चाळिशीच्या पुढचा असला तरी चालेल, असंच मामांना सांगून ठेवलं होतं मी. पोरगेलं कुणी नकोच होतं.

हे ऐकून मला एकदम बसल्या जागी चक्कर आल्यासारखं झालं. आणि मी उपाशी नव्हतो.

मग म्हणाली, आमच्याकडं पार्ट बिघडला तर दुरुस्त करतात, त्याला रिवर्क म्हणतात. त्यावर पिवळा टॅग लावायचा, काय बिघडलं होतं ते लिहायचं. टॅग असला की मी पास करते. टॅग न लावता गुपचूप पुढं सरकवला, तर सापडल्यावर अख्खा लॉट थांबवते. म्हटलं, मग मी रिजेक्ट? म्हणाली, रिजेक्ट नाही. होल्ड. खरा बायोडाटा लिहून पाठवा. एक पण गोष्ट खोटी नको. मग बघू.

उठताना तिनं विचारलं, दुखतंय का हो? असं मला चेहऱ्याबद्दल आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. मी नाही म्हणालो. तिनं कुंडीतली कोरफड कापून कागदात बांधून दिली. म्हणाली, आठ दिवस भट्टीवर जाऊ नका, दुसरं काम मागून घ्या.

बसमध्ये सनीनं दोघांचं तिकीट काढलं. चिंचवड आल्यावर म्हणाला, भावा, बाई चांगली आहे. आता फक्त खरं लिही. तेवढं जमेल ना?

हे काय विचारणं झालं?

२१ नोव्हेंबर

कोरफड लावली. गार वाटतं. सुपरवायझरकडं दुसरं काम मागितलं, पॅकिंगला टाकलं. मावा खरंच बंद. संध्याकाळपर्यंत.

२३ नोव्हेंबर

खरा बायोडाटा लिहायला बसलो. नाव: भिवा सखाराम वाघमारे. शिक्षण: आठवी नापास. आधी बारावी होतं, ते खोडलं. नोकरी: कॉन्ट्रॅक्ट. दिवस लागला याला, पण हलकं वाटलं. मायला फोन करून सांगितलं, या वेळी होतंय बघ. माय रडली. म्हणाली, मग मी लुगडं काढून ठेवते.

आता फक्त वय राहिलंय.

२४ नोव्हेंबर

पाठवला.

वय ४१ लिहिलं. त्रेचाळीस तिला माहीत आहे, हे मलाही माहीत आहे. पण सदतीसवरून एकदम त्रेचाळीस म्हणजे मधे काहीच नाही. आणि दोन वर्षं तरी गुरुजींची आहेतच. बाकी एकूणएक खरं लिहिलंय. एवढ्या खऱ्यात दोन वर्षं कोण बघतं?

सनीला दाखवला नाही.

२५ नोव्हेंबर

निळी टिक आली. उत्तर नाही. बारकाईनं वाचत असणार.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

उत्तर नाही. होल्ड म्हणजे निम्मं ओकेच असतं. सनीला सांगितलं. तो म्हणाला, वय किती टाकलंस? मी म्हटलं, साधारण बरोबर. तो भांडी घासायला उठला. त्याची पाळी नव्हती.

१ डिसेंबर

चेहरा बरा झाला. लाली गेली. कपाळावरच्या तिन्ही रेघा जागेवर आहेत. मशीननं पहिल्या झटक्यात ओळखलं, हिरवा दिवा. चतुराबाई म्हणाल्या, आला का आमचा भिवा परत.

४ डिसेंबर, गुरुवार

मामांचा फोन. मिनलचं जमलं. मुलगा देहूरोडचाच. मी म्हटलं, तरुण असेल. मामा म्हणाले, छे, पंचेचाळीसचा आहे. डोक्यावर एक केस नाही. पण बायोडाटात दोन्ही गोष्टी पहिल्याच ओळीत लिहिल्या होत्या त्यानं, आणि टोपी न घालता फोटो. मग म्हणाले, तुमच्या एक्केचाळिसाभोवती तिनं लाल गोल केला आणि कागद घडी करून ठेवून दिला. वाईट वाटून घेऊ नका, कोरफड लावत जा.

मायला अजून सांगितलं नाही. लुगडं काढून ठेवलंय तिनं.

बराच वेळ आरशापुढं बसलो. केस हातानं मागं धरून बघितले. या बाजूनं, त्या बाजूनं.

सनीला विचारलं, टक्कल करायचं म्हटलं तर सर्जरी लागते का? तो म्हणाला, न्हावी लागतो.

उद्या सकाळी सातला जाणार. न्हाव्याला सांगणार, दोनदा फिरव.