पूर्णगडच्या बाईसाठी प्रार्थना

रत्नागिरी,
६ ऑक्टोबर २०२५

ती. नम्रताताई यांस,
रुचिराचा सप्रेम सलाम. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. फोन लावला की तुमचे बंधुराज विनीत कान टवकारतात, आणि विषय त्यांचाच आहे.

काल महिन्याचा पहिला रविवार. चर्चमध्ये प्रभुभोजनाचं ताट यांच्यापाशी आलं आणि यांनी भाकरीला हात न लावता पुढे दिलं. मागच्या महिन्यातही तेच. अख्ख्या मंडळीनं पाहिलं. घरी विचारलं तर म्हणाले, अजून मी लायक नाही. बर्फाच्या कारखान्यातल्या सुपरवायझरनं असं काय केलं असेल, ताई? शिवाय दर शनिवारी स्कूटर काढून पूर्णगडला जातात. कशाला, ते सांगत नाहीत. येताना मासे आणतात, तेही साफ करून, हळद-मीठ चोळून. बांगड्याचं डोकं कुठून कापतात हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांना हे करून देतं कोण? मला तर बाईचाच संशय येतो.

तुम्हाला काही ठाऊक असेल तर भावाची बाजू घेऊन लपवू नका. लोभ आटू देऊ नका.

तुमची,
रुचिरा

मिरज,
१३ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. रुचिरा हिस,
नम्रताचा सलाम व आशीर्वाद. वि. वि.

आधी हसले. मासे साफ करून देणारी सवत मला मिळाली असती, तर तिला मी घरीच ठेवून घेतलं असतं! मग हसू विरलं. मध्यंतरी विनीतचा फोन आला होता. एका माणसापुढे मान खाली घालायची आहे, माझ्यासाठी प्रार्थना कर, एवढंच बोलला. कोण माणूस ते सांगेना. त्याच्या अशा गप्प बसण्याचा मलाही भरवसा वाटत नाही.

सरळ पूर्णगड गाठ आणि डोळ्यांनी बघ. तोवर बायकांत काही बोलू नकोस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून सांगते. राग मानू नकोस, माया आहे म्हणूनच लिहिते.

तुझी,
नम्रताताई

रत्नागिरी,
३ नोव्हेंबर २०२५

ती. नम्रताताई यांस,
रुचिराचा सलाम. वि. वि.

तुमचं पत्र येण्याआधीच मी घोळ घालून बसले होते. बायकांच्या प्रार्थनासभेत विनंती मांडली, की पूर्णगडची एक मासेवाली एक ख्रिस्ती घर मोडते आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा. नाव घेतलं नाही म्हणजे चहाडी झाली नाही, अशी माझी समजूत. सगळ्यांनी डोळे मिटून आमेन म्हटलं, आणि डोळे उघडल्यावर घर कोणाचं ते ओळखलं.

मग एका शनिवारी एसटीनं पूर्णगडला गेले. यांच्या स्कूटरवरून घर सापडलं, पायरीवर हे बसलेले. आत एक माणूस यांच्याकडे पाठ करून जाळं सांधत होता. तो विठू, पूर्वी कारखान्यात यांच्या हाताखाली होता. दोन वर्षांमागे कारखान्यात गॅस सुटला, तो हे झडप बंद करायला विसरल्यामुळे, पण मालकाला यांनी विठूचं नाव सांगितलं. त्याची नोकरी गेली. हे सगळं यांनी मान वर न करता मला सांगितलं. विठूचं म्हणणं एकच, माफी दारात नको, जिथे माझं नाव घेतलंत तिथे मागा. तेवढा धीर यांना होत नव्हता.

मासे विकते ती विठूची बायको, कमळा. दारी आलेल्याला रिकाम्या हाती कसं धाडायचं, म्हणून द्यायची. मलाही चहा दिला. बोलता बोलता म्हणाली, मिरकरवाड्याच्या बंदरावर माशांच्या लिलावात हल्ली बाया तिला घरमोडी म्हणून हसतात, कोणी उठवलं देव जाणे. आमच्या सभेतल्या बायका मासे तिथूनच घेतात. चहाचा कप मी तसाच खाली ठेवला.

यांनी मागच्या सोमवारी कारखान्यात सगळ्यांसमोर खरं सांगितलं. नोकरी राहील की नाही माहीत नाही, पण काल यांनी भाकर घेतली आणि घरी येऊन पोटभर जेवले. इतके निवांत मी यांना कित्येक दिवसांत पाहिले नव्हते. मी मात्र ताट पुढे दिलं. आता हेच माझ्याकडे संशयानं बघतात! काय करू ते लिहा.

तुमची,
रुचिरा

रत्नागिरी,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. नम्रताताई यांस,
सप्रेम सलाम. वि. वि.

तुमची एकच ओळ मिळाली, विठूनं विनीतला सांगितलं तेच तुलाही लागू. फार राग आला तुमचा.

यांना सगळं सांगितलं. सोबत येऊ का, एवढंच विचारलं यांनी. नको म्हटलं. प्रार्थनासभेत उभी राहून चूक कबूल केली, ते त्यामानानं सोपं गेलं. आज सकाळी मिरकरवाड्याला गेले. कमळा माशांची पाटी घेऊन बसली होती. भोवतीच्या बायांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं, की घर मोडणारी बाई ही नव्हे, संशयापायी दोन घरं मोडायला निघालेली बाई मी आहे.

कमळा पाटीतले मासे लावत राहिली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लिलाव चालूच होता, मी तिथेच उभी राहिले. बऱ्याच वेळानं तिनं पाटी बाजूला ओढली आणि ओल्या फरशीवर माझ्यापुरती जागा केली. मी बसले आणि रडले, ताई. साडीला माशांचं पाणी लागलं होतं, आणि मला उठावंसं वाटेना.

रागावून का होईना, अशाच लिहीत राहा.

तुमचीच,
रुचिरा