फुंकायचं नव्हे, ओढायचं

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (तो कागदावरच घे. छातीचं हाड तारेने बांधलंय, वाकलो तर उसवेन.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा कान बरा झाला, की अजून सोयीपुरतंच ऐकू येतं? माझं हृदय उत्तम चाललंय. ते दुरुस्त करून दिल्याला आज पाच दिवस झाले. आता ही माणसं हात धुऊन माझ्या फुप्फुसांच्या मागे लागली आहेत.

ऑपरेशननंतर डाव्या फुप्फुसाचा खालचा कोपरा म्हणे मिटूनच राहिलाय. तो उघडला नाही तर तिथे कफ साचणार, न्यूमोनिया होणार, आणि शुक्रवारच्या एक्स-रेत तसंच दिसलं तर माझी रवानगी पुन्हा त्या नळ्यांच्या खोलीत. यावर उपाय काय, तर एक खेळणं! प्लॅस्टिकची तीन नळकांडी, प्रत्येकात एक चेंडू, बाजूला पाइप. दर तासाला दहा वेळा. चाळीस वर्षं बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलेल्या माणसाला ही कालची पोरगी (श्वासाचे व्यायाम शिकवायला येते) सांगते, "काका, चेंडू वर न्या." म्हटलं, घे! असं फुंकलं की शेजारच्या खाटेवरचा शिंपी दचकून उठून बसला. चेंडू ढिम्म. दोन दिवस फुंकत होतो. यंत्र बिघडलंय म्हणून दोनदा बदलून घेतलं, मग तक्रारवही मागितली. तेव्हा पोरगी म्हणाली, "काका, फुंकायचं नाही, आत ओढायचं." अगं, मग आधी सांगायला काय झालं होतं? (शिंपी म्हणतो, रोज सांगत होती. शिंप्याला कोणी विचारलं?)

मग ओढलं. पहिला चेंडू वर जातोय तोच ती ओरडली, "दम धरा, दम धरा!" आता गेले पाच दिवस मी दुसरं काय करतोय? बिनमिठाचं जेवण, बायकोची व्याख्यानं, सगळ्याला दमच धरतोय. तरी मोठ्या मनाने पाइप खाली ठेवला, हाताची घडी घातली आणि धरला दम. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. बऱ्याच वेळाने उलगडा झाला, की श्वास आत रोखून धरायचा होता. धड बोलायला नको माणसाने?

खोकण्याचीही शिकवणी आहे. उशी छातीशी कवटाळायची आणि खोकायचं. शिंप्याने बायकोला जन्मात अशी मिठी मारली नसेल. तिन्ही चेंडू वर नेतो आणि वर माझ्याकडे बघून हसतो. आयुष्यभर तोंडात टाचण्या धरलेला माणूस, त्याला श्वासातलं काय कळतं? असले पोरखेळ मला डाव्या हाताचे. माझेही तिन्ही चेंडू वर जातात. तक्त्यावर तासातासाच्या खुणा आहेत, कोणीही बघावं. तेव्हा काळजी करू नकोस. भाऊजींना नमस्कार (जरा ओरडून सांग).

तुझा धाकटा भाऊ

ता. क. एवढं लिहीपर्यंत शिंप्याला घरी सोडलंसुद्धा. जाताना स्वतःची उशी मला देऊन गेला. आगाऊ माणूस.

ता. क. २ त्या खुणा मीच एकदम बसून केल्या. पहिला चेंडू वर जातो, दुसरा अर्ध्यावरून खाली येतो, तिसरा जागचा हललेला नाही. खोकतही नाही. खोकलं की छाती उलेल असं वाटतं, म्हणून आल्या पावली गिळून टाकतो. बायकोला यातलं काही माहीत नाही. खुणा बघून बिचारी खुशीत आहे.

ता. क. ३ गुरुवारच्या आत ये. मी बोलावलं म्हणून सांगू नकोस, सहज आले म्हण. माझ्याशेजारी बस आणि मी किती वेळा ओढतो ते स्वतः मोज, माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस. रागाव, चारचौघांत काय वाटेल ते बोल. मला इतक्यात मरायचं नाही गं.