बाल्टिमोरचा चेंडू

बाल्टिमोर, अमेरिका
१४ मे २०२४

ती. सदूदादास,
केरूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

नेत्राकडे सुखरूप पोचून तीन आठवडे झाले. फोनवर तू नुसता हुंकार भरतोस आणि फोन मथुरावहिनींकडे देतोस, म्हणून पत्र लिहितोय. वहिनी, हे त्याला मोठ्याने वाचून दाखवा, आणि उठून जायला लागला तर हात धरून बसवा. काचबिंदूने डोळे गेले तरी रागावल्यावर त्याला दार बरोबर सापडतं.

इथली हवा चांगली आहे. मासे मात्र बर्फातले, चव कसली ती नाही. लेक रोज विचारते, बाबा जेवण आवडलं का, आणि मी रोज खोटं बोलतो.

गेल्या शनिवारी तिने मला बेसबॉलचा सामना बघायला नेलं. तू जहाजावर असताना ज्या मैदानात गेला होतास ते आता पाडलंय. नवं मैदान बंदराजवळ आहे. आपला अख्खा मिरकरवाडा त्यात बसेल आणि वर जागा उरेल. माणसं शेंगा खातात आणि टरफलं खुशाल पायाशी टाकतात. सामना निम्म्याच्या पुढे गेला की सगळे उभे राहून गाणं म्हणतात. हे सगळं तू बेचाळीस वर्षांपूर्वी जेटीवर बसून सांगितलं होतंस आणि मी फिदीफिदी हसलो होतो. तुझं एकेक खरं निघत गेलं तशी मला खुर्चीत बसायची लाज वाटायला लागली.

मग एकाने मारलेला चेंडू मागे उडाला तो थेट माझ्यावर. मी उठून दोन्ही हातांनी झेलला. मांडवीच्या वाळूत इतकी वर्षं स्लिपला उगाच नव्हतो उभा. तळवे झणझणले, पण सवय ती सवय, मी लगेच चेंडू मैदानात परत फेकला. आजूबाजूची सगळी माणसं हळहळली. नेत्राने कपाळावर हात मारला. शेजारी चामडी हातमोजा घातलेला एक म्हातारा बसला होता. प्रेक्षकांत आलेला चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याने घरी न्यायचा असतो, असं त्याने नेत्राकरवी मला समजावलं. तो स्वतः लहानपणापासून एका चेंडूची वाट बघतोय म्हणे.

दादा, त्या नारळी पौर्णिमेला अख्ख्या वाडीसमोर मी तुला काय बोललो ते तू विसरला नाहीस, मीही नाही. इथल्या सामन्यात हाती लागलेला चेंडू तू खिशातून काढलास, तर तो परत द्यायचा असतो, घरी आणलास म्हणजे चोरलास, असं मी म्हणालो. तू तो तिथूनच समुद्रात भिरकावलास. तेव्हापासून लोक तुला चेंडूचोर म्हणत आले ते माझ्यामुळे. तू खरं बोलत होतास. मी चुकलो.

नेत्रा म्हणाली, दुकानात चेंडू मिळतात, काकांना एक घेऊ. मी नको म्हटलं. आणखी एक गोष्ट तुला सांगायची आहे, पण ती लिहायचा धीर होत नाही.

राग धरायचा तर धर, पण लोभ आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा,
केरू


मिरकरवाडा, रत्नागिरी
६ जून २०२४

चि. केरूस,
अनेक आशीर्वाद.

हे मथुरा लिहिते आहे, मी सांगतोय. ती मध्ये आपलं काही घालेल, त्याकडे लक्ष देऊ नकोस. मासेमारीची बंदी लागली, होड्या वर ओढून झाकल्या. माझा दीपक दिवसभर जाळी दुरुस्त करतो. मी शेजारी बसून त्याच्या चुका काढतो, न बघता.

तू चेंडू परत फेकलास तिथे तुझी वहिनी इतकी हसली की पुढचं वाचायला तिला पाणी प्यावं लागलं. मीही हसलो. बऱ्याच वर्षांनी तुझ्यावर हसलो, बरं वाटलं.

चोर म्हणालास त्याचं दुःख केव्हाच निवळलं. पण दीपकच्या लग्नात व्याह्यांनी मला विचारलं, तुम्हाला चेंडूचोर का म्हणतात. तू समोर भात वाढत होतास. ऐकलंस, आणि ताट घेऊन पुढे गेलास. ते मला फार लागलं होतं.

आता विषय काढलाच आहेस तर सांगतो. तो चेंडू मी तुझ्यासाठीच आणला होता. वाडीच्या टीमचा कप्तान तू, अख्ख्या रत्नागिरीत कुणाकडे नसेल असा चेंडू तुझ्याकडे असावा असं वाटायचं. चार महिने जहाजावर उशाखाली ठेवून आणला. त्या दिवशी खिशातून काढला तो तुला द्यायलाच, तर त्याआधीच तू बोललास.

अजून कधी कधी बोटांना त्याची शिवण आठवते. पण समुद्राने नेलं ते नेलं. तू धडधाकट परत ये, ओटीवर तुझी जागा मोकळी ठेवतो.

तुझा,
सदूदादा

भावोजी, हे पत्र सांगताना ते एकदाही उठून गेले नाहीत. – मथुरा


बाल्टिमोर
२५ जून २०२४

ती. सदूदादास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

वहिनी, हे पत्र वाचताना मध्ये थांबू नका.

दादा, तुझा चेंडू समुद्राने नेला नाही. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर ओहोटीला मी जेटीखाली उतरलो. दोन होड्यांच्या मध्ये तो जाळ्याच्या बोयासारखा तरंगत होता. सकाळी देऊ म्हणून घरी आणला. सकाळी वाडी तुला चिडवत होती आणि हसणाऱ्यांत मी होतो. मग द्यायला तोंडच राहिलं नाही.

तो माझ्या माळ्यावर लोखंडी पेटीत आहे, आईच्या लुगड्यात गुंडाळलेला. चामडं काळं पडलंय, शिवण शाबूत आहे. दीपकच्या लग्नात भाताचं ताट घेऊन पुढे गेलो तेव्हाही तो पेटीतच होता. इथे परक्यांचा चेंडू मी लगेच परत केला, आणि सख्ख्यासारख्या चुलतभावाचा बेचाळीस वर्षं दाबून बसलो. चोर कोण ते वाडीला आता मीच सांगणार.

माझं तिकीट दहा ऑगस्टचं आहे. नारळी पौर्णिमेला सगळे जेटीवर जमतील तेव्हा चेंडू तुझ्या हातात ठेवीन. शिवण नीट चाचपून बघ. मग वाटलं तर, त्या दिवशी द्यायचा राहिला तो मला तुझ्या हाताने दे. नाही दिलास तरी तक्रार नाही, पण मी हात पुढे करून उभा राहणार आहे.

तुझा,
केरू