बाकाखालची खिडकी

रविवार, १४ मार्च
दुपार, बाबा झोपलेत

प्रिय ताई,

नमस्कार. अगदी वाकून. बाबांच्या टेबलावर बसून लिहितेय, त्यामुळे पाठ आपोआप वाकते. पुढे ‘विनंती विशेष’ लिहायची रीत आहे. पण विशेष काही नाही आणि विनंती तर मुळीच नाही. सहज लिहितेय. फोनवर बोलायला गेलं की बाबा पलीकडच्या खोलीत कान टवकारून बसतात, आणि तूही ‘बरं, बरं’ करून ठेवून देतेस.

बाबांची तब्येत ठीक आहे. उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही आणि बोटांत चमचासुद्धा धड राहत नाही. व्यायाम करून घेणाऱ्या बाई येतात, त्यांच्यावर हे डाफरतात, त्या यांच्यावर डाफरतात, दोघांचं झकास जमलंय. जीभ मात्र पहिल्यासारखीच धारदार आहे. चहा पाणचट, भाजी अळणी आणि माझ्या रेघेत दम नाही, हे रोजचं.

माझं कॉलेज संपत आलं. सध्या शाळेत सरावपाठ चालू आहेत, म्हणजे सगळी मुलं हसतात आणि मागच्या बाकावर बसून आमच्या कॉलेजच्या मॅडम गुण देतात. मी पुलापलीकडची शाळा मागितली होती. मिळाली कुठली, ओळख पाहू? बाबांची. त्यांनी मोठ्या बाईंना परस्पर फोन केला. मोठ्या बाई म्हणजे त्याच, आपल्या वेळी ज्या गणित शिकवायच्या आणि डस्टर फेकायच्या, त्या आता मुख्याध्यापिका आहेत. मला म्हणाल्या, “अगं, घरची शाळा सोडून कुठं जातेस?” आणि माझ्या हातात चित्रकलेच्या खोलीची किल्ली ठेवली. तीच किल्ली, तिला बाबांनी बांधलेली तीच मळकी दोरी.

खोली आहे तशीच आहे. एक खिडकी, तिच्यासमोर दीड हातावर भिंत. कपाटात वाळून दगड झालेले रंग. खुर्चीच्या पाठीवर बाबांचा कोट. दोन वर्षं झाली ते घरी बसून, पण कोणी तो कोट हलवलेला नाही. पहिल्या दिवशी मी आत गेले तर पाचवीचा वर्ग एका सुरात ओरडला, “नमस्ते सर!” सवय गं. मग एकमेकांना ढोसून हसले. मीही हसले. अजूनही अधूनमधून कोणीतरी ‘सर’ म्हणतंच, आणि आता मी ओ देते.

कार्यशाळा मात्र छान होतात, खोटं कशाला बोलू. मी पोरांना बाकावर बसवत नाही, बाकाखाली बसवते. कागद मांडीवर, तेलखडू हातात, आणि तिथून जे दिसतं ते काढायचं. पहिली दहा मिनिटं नुसती चिमटे काढायची आणि खिदळायची. मग एकदम शांत होतात. बाकाच्या पोटाला चिकटवलेली च्युइंगगम, खिळे, दुसऱ्याचे गुडघे, माझ्या चपला. एकानं माझ्या करंगळीचं नख इतकं हुबेहूब काढलं की मी घरी जाऊन पाय घासले.

आणि एक आहे भिंगरी. नाव वेगळं आहे, पण सगळी शाळा तिला भिंगरी म्हणते, कारण ती एका जागी टिकत नाही. बाकाखाली मात्र टिकली. तिनं अख्खा कागद काळा केला. खडू मोडला, दुसरा घेतला, तोही दाबून दाबून संपवला. आणि अगदी खाली, कडेला, बोटभर पांढरी फट ठेवली. त्या फटीत कोणाच्या तरी बुटाचं टोक. बस. बघितलं की छातीवर कोणीतरी बसल्यासारखं होतं. मी तिला विचारलं, “झालं?” तर म्हणाली, “झालं. आता मला बाहेर येऊ द्या.”

काल शाळेत चित्रांचं प्रदर्शन होतं. बाबा मुख्य पाहुणे होते. छान झालं. गर्दी होती. बाबांना खूप बरं वाटलं असावं.

तुझं काय चाललंय? दिवसभर लोकांचे एक्स-रे काढून काढून स्वतःकडे लक्ष देतेस की नाही? मला तुझ्या कामाचा हेवा वाटतो. तुझ्या चित्रांवर कोणी हात फिरवत नाही. मोडलेलं हाड मोडलेलंच दिसतं.

बाबा उठले. चहा ठेवते.

—

सोमवार, दुपार

काल हे पत्र पाकिटात घातलं आणि परत काढलं. ‘छान झालं’ असं लिहून मोकळी झाले होते मी. छान झालं नाही.

शेवटचा हात तुला आठवतो. तो विसरण्यासारखा नाहीच. प्रदर्शन जवळ आलं की पोरांची चित्रं घरी यायची, जेवायचं टेबल भरून जायचं, आपण जमिनीवर बसून जेवायचो, आणि बाबा एकेका चित्रावर शेवटचा हात फिरवायचे. कुठे सावली, कुठे सरळ कड, कुठे डोळ्यात पांढरा ठिपका. दुसऱ्या दिवशी सगळी शाळा एकाच माणसानं काढल्यासारखी दिसायची आणि ढालीवर ढाली मिळायच्या.

आता त्यांचा हात चालत नाही. म्हणून माझा चालतो.

जानेवारीपासून चाललंय हे. मी गठ्ठा घरी आणते, ते शेजारी खुर्ची ओढून बसतात, डाव्या हातानं माझं मनगट धरतात आणि सांगतात. “इथं गडद कर. अंहं, तिरपं नको. हां.” सुरुवातीला मी म्हटलं, आजारी माणूस आहे, तेवढाच विरंगुळा. एका हत्तीला सावली दिली, त्यानं हत्तीचं काय बिघडलं? मग एका घराचं छप्पर सरळ केलं. मग नदीत लाटा. पुढे पुढे त्यांना सांगावंही लागेना. ते नुसतं ‘हं’ म्हणायचे आणि मला कळायचं.

भिंगरीचं चित्र मी गठ्ठ्याच्या तळाशी लपवलं होतं. त्यांनी ओढून काढलं. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “हे असं लावलंस तर लोक म्हणतील, पोरीच्या घरी काहीतरी बरं नाही. उजेड दे. एक खिडकी काढ.”

“बाबा, बाकाखाली खिडकी कुठून येणार?”

“चित्रात येते.”

मी काढली गं. काळं खरवडून, वर पोस्टर कलर लावून, पिवळ्यात थोडा नारिंगी घालून, ऊन आत येतंय अशी. बाबा म्हणाले, “आता दम आहे.” आणि पहिल्यांदाच माझं मनगट न दाबता सोडलं. खरं सांगू? मला आनंद झाला.

शनिवारी तेच चित्र दर्शनी भिंतीवर, मधोमध. पुठ्ठ्यावर चिकटवलेलं, खाली पहिल्या क्रमांकाची फीत. मोठ्या बाईंनी माईक घेतला. बाबांचं कौतुक केलं, मग म्हणाल्या, “आणि आनंदाची बातमी अशी की नव्या वर्षापासून सरांच्याच खुर्चीवर सरांची मुलगी बसणार आहे. घरचीच मुलगी, मुलाखत कसली घ्यायची!” मला कोणी विचारलं नव्हतं, ताई. टाळ्या झाल्या. बाबा माझ्याकडे बघून मान डोलावत होते. आणि मी काय केलं? हात जोडले. हसले. सगळीकडे वळून वळून हसले.

तेवढ्यात भिंगरीनं माझी ओढणी ओढली.

“बाई, माझं चित्र कुठाय?”

“हे काय, मधोमध. पहिलं आलंय तुझं.”

तिनं मान वाकडी करून बघितलं. बूट सापडला तिला. मग म्हणाली, “ही खिडकी कोणाची?”

ती बिचारी मलाच समजावून सांगायला लागली. “बाई, बाकाखाली खिडकी नसते. असती तर मी तिच्यातूनच बाहेर आले असते ना.”

तिचा आवाज तुला माहीत नाही. खणखणीत आहे. अख्ख्या सभागृहानं ऐकलं. बाबांनीही ऐकलं. ते जेमतेम दोन हात अंतरावर बसले होते.

मी काही धीट झाले असं समजू नकोस, मला फक्त तिथं उभं राहवेना. टेबलावर फलकांसाठी आणलेला काळा रंग होता. ब्रश भिजवला आणि तिच्या हातात दिला. एवढंच. ती स्टुलावर चढली आणि तिनं ती खिडकी बुजवली, शांतपणे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. फितीवरही थोडा रंग गेला. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. पुन्हा टाळ्या! मोठ्या बाईही वाजवत होत्या, पण त्यांचा चेहरा डस्टर शोधत असल्यासारखा होता.

बाबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. अर्थात, एका हातानं त्या वाजत नाहीत. त्यांनी मला खुणेनं बोलावलं आणि खुर्ची मागच्या भिंतीजवळ न्यायला सांगितली. तिथं काय आहे ते तुला माहीत आहे. तू दहावीत काढलेलं आईचं चित्र. झोपाळू दुपार, खुर्ची, आणि मिटल्या ओठांनी राणीसारखी झोपलेली आई. आंतरशालेय पहिला क्रमांक. त्यानंतर तू पेन्सिल हातात धरली नाहीस, आणि बारावी झाल्यावर जी गेलीस ती गेलीसच. आई गेली तेव्हा आलीस, तीही पाहुण्यासारखी.

घरी येताना गाडीत ते एकदम म्हणाले, “तोंड उघडं होतं.”

“कोणाचं?”

“आईचं तुझ्या. ताईनं उघडंच काढलं होतं. ती तशीच झोपायची. मी मिटलं.”

मी विचारलं, “ताईनं त्या दिवशी ब्रश मागितला असता, तर दिला असतात का?”

त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाले, “नसता दिला.” आणि घर आल्यावर, पायरीवर, माझ्या खांद्याला धरून उभे असताना, “आता ती झोपलेली आठवायला गेलो की मला तेच चित्र दिसतं. मिटलेलं. खरं कसं होतं ते येतच नाही डोळ्यापुढं.”

मला येत नाही, मी लहान होते. तुला येतं का?

आता ते सांगते, जे काल सांगायचं टाळलं. कॉलेजमध्ये आमच्या पुढच्या वर्गात कुरळ्या केसांची एक मुलगी होती. ती आणि तिचे दोघे सोबती एक जुनी व्हॅन घेऊन शाळा नसल्यासारख्या शाळांमधून कार्यशाळा घेत फिरतात. मला बोलावलंय. एक वर्ष. मी अजून हो म्हटलेलं नाही, कारण शुक्रवारी मोठ्या बाई नेमणुकीचे कागद घेऊन घरी येणार आहेत, आणि बाबांनी माझ्यासाठी आपला कोट धुवायला टाकायला सांगितलाय. मी तो शाळेतून आणून भिजवलासुद्धा.

भीती मला मोठ्या बाईंची नाही, बाबांचीही नाही. मला हे जमतं, याची आहे. त्या खिडकीतलं ऊन फार सुंदर आलं होतं, ताई. अजून एक वर्ष तिथं बसले तर माझा हात मलाच विचारायचा नाही.

तेव्हा वरचं ‘विनंती तर मुळीच नाही’ खोडते. विनंती आहे. तू ये, नाहीतर बाबांना तिकडे घेऊन जा. वर्षभर. तुझा राग मोडून ये असं मी म्हणत नाही, राग बरोबर घेऊन ये, घरात जागा आहे. त्यांना भरवावं लागतं, मोजे घालावे लागतात, आणि ते चुका काढतात. लहानपणी तू कुठंही निघालीस की मी मागे लागायचे, म्हणून तू मला शेपूट म्हणायचीस, आणि घर सोडलंस त्या दिवशी मात्र मला झोपेत ठेवून गेलीस. त्याबद्दल मी तुला कधी काही बोलले नाही. आजही बोलणार नव्हते. पण आता माझी पाळी आहे, ताई. आणि जमत नसेल तर ‘बरं, बरं’ म्हणू नकोस. नाही म्हण. शुक्रवारच्या आत म्हण.

मी लिहीत असताना बाबा मागे येऊन उभे राहिले. कोणाला, ते विचारलं नाही. डाव्या हातानं माझं पेन घेतलं. या पानाच्या तळाशी जो वाकडातिकडा, न मिटलेला गोल आहे, तो त्यांचा आहे. काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाले, “तिला कळेल.” शाई जरा फुटलीये आणि रेघ थरथरलीये.

मी त्यावर हात फिरवलेला नाही.

तुझंच, अजून इथेच असलेलं,
शेपूट