मान ठेवावी

सोमवार, ५ फेब्रुवारी.
सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी कारखान्याच्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होतो, तेवढ्यात आतून हाक आली आणि मला नोकरी लागली.

पाठीचे आणि मानेचे पट्टे बनवायचा कारखाना आहे. वर मालकीणबाईंचं घर, खाली कारखाना, मागच्या अंगाला माझी खोली. खोलीला खिडकी आहे, खिडकीला कडी आहे, कडीला गंज नाही. मी सगळं तपासून घेतो. ताई म्हणते, तू लग्नात नवरीचीसुद्धा पावती मागशील.

गोदामात पोती उचलताना मानेत चमक भरली, ती दोन वर्षं झाली तरी निघालेली नाही. डॉक्टरांनी पट्टा सांगितला होता, पण तो परवडेना. इथे कामगाराला फुकट. दुखण्यानेच नोकरी मिळवून दिली म्हणायची.

नेमणुकीच्या कागदावर छापलं होतं : ‘कामगाराने कारखान्यात मान ठेवावी.’ सही करण्याआधी मी बाईंना सांगितलं की इथे ‘मान ठेवावा’ असं पाहिजे. तो मान म्हणजे आदर. ‘ठेवावी’ म्हटलं तर ती खांद्यावरची मान होते. शाळा आठवीत सुटली, पण शुद्धलेखनात माझा एक मार्क कधी गेला नाही. बाई हसल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं झाली, कोणी वाचलंच नव्हतं बघ. दुरुस्ती मात्र केली नाही. मी सही केली. दुपारपर्यंत सगळे मला वेलांटी म्हणायला लागले. सगळे म्हणजे दोघं : साचे करणारे काका आणि पट्टे शिवणारी मावशी.

बुधवार, ७ फेब्रुवारी.
आज माझा साचा झाला. काकांनी कमरेपासून हनुवटीपर्यंत ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या. सुकल्यावर कापून काढल्या आणि त्या पोकळीत पुन्हा प्लास्टर ओतलं. निघालो मी – डोकं नाही, हात नाहीत, नुसती पाठ आणि मान. त्याच्यावर गरम प्लास्टिक बसवून पट्टा तयार केला. साच्याला नंबर दिला २३ आणि फळीवर ठेवला, आधीच्या बावीस जणांच्या रांगेत.

ते बावीस कुठे आहेत, असं विचारलं. काका म्हणाले, कुठे म्हणजे, एक मी, एक ही मावशी, बाकीचे आपापल्या घरी, सुखरूप.

पट्टा चढवताच दुखणं थांबलं. दोन वर्षांत पहिल्यांदा! ताईला पत्र टाकलं. मावशी म्हणाली, चार दिवस जड वाटेल रे, मग मान आहे की नाही तेही कळणार नाही.

सोमवार, १२ फेब्रुवारी.
बाईंनी विचारलं, रविवारीही येशील ना? मला नको होतं. मी मान हलवायला गेलो, पण पट्ट्यात ती हलतच नाही. बाईंनी होकार धरला आणि वर निघून गेल्या. मावशीने हसून हसून बोटात सुई टोचून घेतली. म्हणाली, वेलांटी, इथे हो म्हणायला मान लागत नाही आणि नाही म्हणायला मिळत नाही.

मीही हसलो. नंतर वाटलं, हसण्यासारखं काय होतं?

शुक्रवार, १६ फेब्रुवारी.
आंघोळीसाठी पट्टा काढला आणि डोकं छातीवर पडलं. तोल गेला वगैरे नाही, पडलंच. हनुवटी हाडावर आपटली. हाताने उचललं, सोडलं, पुन्हा पडलं. दुखत काहीच नव्हतं. चिमटा काढला, तोही मानेला कळला नाही.

पट्टा बांधून कारखान्यात गेलो आणि २३ नंबरला हात लावला. साच्याची मान गरम होती. मला ठसका लागला तेव्हा तिच्यावरून भुकटी गळली.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, दुखत होतं ते गेलं ना? मग तक्रार कसली?

सोमवार, १९ फेब्रुवारी.
सकाळी एक माणूस आला, चांगला पन्नाशीचा. त्याच्या पट्ट्याचा बंद तुटला होता. भरलेली कळशी धरावी तसं दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून आला. बाईंनी त्याला पाऊण तास बाकावर बसवून ठेवलं. मुलाला इकडे कामाला पाठवशील? हो बाई. याच महिन्यात? हो बाई. मग नवा बंद लावून दिला.

तो नऊ नंबर. घरी, सुखरूप.

मावशी सहा नंबर. अकरा वर्षं पट्टा काढलेला नाही. झोपेतसुद्धा नाही.

मंगळवार, २० फेब्रुवारी.
काकांना त्या ‘ठेवावी’बद्दल सरळ विचारलं. त्यांनी शिलाईयंत्राकडे बघतच सांगितलं की तो कागद त्यांनीच जुळवून छापलाय. वेलांटी चुकलेली नाही.

मी घाबरलोय. अक्षर बिघडलंय. पण सही करण्याआधी चूक दाखवली होती मी. मी! ती चूक आहे. मी चूकच म्हणणार.

माझी मान मी कोणाकडे ठेवलेली नाही.

बुधवार, २१ फेब्रुवारी. दुपारी १ वाजून ५ मिनिटे.
बाई वर जेवताहेत. कागदांच्या कपाटाला कुलूप नाही. कागद कोणी वाचतच नाही, मग कुलूप कशाला!

पट्टा काढून फेकला. डोकं टेबलावर टेकवलंय, गाल कागदावर. असं जवळून फार छान दिसतं. माझा कागद. पट्टे कापायचं पातं आणलंय. ‘वी’मधली वेलांटी – तिचा वरचा वळसा खरवडला की खाली उरतो नुसता काना. ताठ.

खरवडतोय.

१ वाजून १२.
फळीवर तडकल्याचा आवाज – २३ –

दुखतंय! तीच जुनी चमक, डाव्या बाजूला. माझी आहे. डोकं उचललं. राहिलं!

१ वाजून १५.
पळता येईल. खिडकीची कडी मला माहीत आहे. पण कपाटात अजून बावीस कागद आहेत.

येणे : माना बावीस. वसूल : एक.

१ वाजून २०.
जिन्यावर बाई. हाक मारताहेत – वेलांटी, ते खाली ठेव. ठेवतोस ना?

मी मान हलवली. डावीकडे, उजवीकडे. कळ डोळ्यांत आली. पुन्हा हलवली. बघू दे त्यांना.

दाराला टेबल लावलंय. फळीवरचे सगळे साचे माझ्याकडे वळलेत – आधी भिंतीकडे होते –

मावशी पलीकडून दार ढकलतेय. बाईंनी सांगितलं म्हणून. रडतेय आणि ढकलतेय. म्हणते, हो बाई, हो बाई –

थांब मावशी. तुझाच कागद घेतलाय. सहा नंबर. अर्धा वळसा गेला, आता फक्त ‘ठेवाव