पिवळा साका

२ ऑक्टोबर, गुमी
आलो एकदाचा! तेजॉनच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं घासली, आता इथल्या कारखान्याचा मुख्य शाईतज्ज्ञ. दारावर पाटीसुद्धा लागली : मिन दोंगस्यू. आणि खोली अशी मिळाली की विचारू नका. मी येणार हे कळल्यावर घरमालकिणीनं आपणहून कारखान्यात निरोप ठेवला होता. चालत सात मिनिटं. खाली त्या, वर मी एकटाच भाडेकरू. ग्वाक सुनरे बाईंची साठी उलटली असेल, पण हाताला उसंत नाही. गल्लीतले सगळे मावशी म्हणतात, मीही म्हणू लागलो. आल्याआल्या भाजलेला बांगडा वाढला. म्हणाल्या, "साहेब, अंगावर मांस नाही तुमच्या. महिनाभर माझ्या हातचं खा, आरशात ओळखू येणार नाही."

५ ऑक्टोबर
छपाई सुरू झाली. माझी पिवळी शाई पातळ फिल्मवर पडते, तापलेल्या पट्ट्यावरून जाते आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काळीभोर होते. मग तीच फिल्म उन्हातून वीज काढते. पेरोव्हस्काइट म्हणताना इथल्या निम्म्या लोकांची जीभ अडखळते, पण शाई कुठे अडखळत नाही. इतरांची तोटीत सुकून बसते. यंत्रावरचा प्याक म्हणाला, "साहेब, शाई कसली, लोणी आहे हे!" ही युक्ती सुचली कशी, असंही त्यानं विचारलं. अनुभव, म्हटलं.
अठ्ठावीस तारखेला मोठे खरेदीदार बघायला येणार आहेत.

९ ऑक्टोबर
हंगुल दिनाची, आपल्या लिपीच्या सणाची, सुट्टी. मावशींनी शिक्ख्ये केलं होतं. भाताचं असं गार गोड पेय मी आजवर प्यायलो नव्हतो. दोन वाट्या झाल्या. आता रोज सकाळी देणार आहेत.
भांडी घासता घासता त्यांनी माझ्या कामाची चौकशी केली. मीही रंगात आलो. शाईत शिसं असतं, पण त्याहून वाईट तो पातळ करायचा द्रव, श्वासातून आणि कातडीतून आत शिरतो, यकृत खातो. कधी कोणाला काही झालं का, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, होती तेजॉनला एक मुलगी. मास्क लावायची नाही. स्वतःच्या निष्काळजीपणानं गेली बिचारी.
मावशी तीच वाटी बराच वेळ घासत राहिल्या.

१६ ऑक्टोबर
पोटात कळा. चार दिवस पोट साफ नाही. तोंडात जुनं नाणं चघळल्यासारखी चव. औषधवाल्यानं गोळ्या दिल्या. मावशींनी पेज केली आणि शिक्ख्ये जास्त दिलं, पोटाला थंड म्हणून. माणसानं आपल्यासाठी किती करावं!

२० ऑक्टोबर
नमुन्याची काच हातातून पडली. उजवं मनगट वर उचलताना जड जातं. प्याक सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, सोजू जरा बेतानं!" पोरं हसली. मी सोजू पीत नाही.
दात घासताना पाहिलं. हिरड्यांच्या कडेनं निळसर रेघ.
ही रेघ शिशाची, मला ठाऊक आहे. दिवसभर हातमोजे तपासले, हवा तपासली, गळती तपासली. सगळं ठीक. म्हणजे कारखान्यातून नाही.

२१ ऑक्टोबर
सकाळचं शिक्ख्ये प्यायलो नाही. बाटलीत भरून नेलं. गाळून नितळ करून घेतलं आणि आयोडाइडचे थेंब टाकले; शिसं असेल तर पिवळं पडतं.
पिवळं. धमक पिवळं. चकाकत खाली बसत गेलं. बोटभर साका.
माझ्याच शाईचा रंग.

२२ ऑक्टोबर
बाटली त्यांच्यासमोर आपटली. दचकल्या नाहीत. हात पुसले, आतून काळी फीत लावलेला फोटो आणला. तेजॉनची येरिम! आडनाव बापाचं, म्हणून ही तिची आई हे मला कळलं नाही. मी गुमीला येणार ही बातमी वाचून बाईनं मोकपोचं घर विकलं आणि हे घेतलं.
पोलिसात देईन म्हणालो. त्या म्हणाल्या, "जा की. हॉस्पिटलातही जा, मी अडवत नाही. कोणी घातलं विचारलं तर माझं नाव सांगा. का घातलं, तेही सांगा."
का, ते सांगायचं म्हणजे —
नाही. अठ्ठावीसपर्यंत नाही. शाई एकदा विकली जाऊ दे, मग उपचार.

२५ ऑक्टोबर
बाहेरच जेवतो. मावशी जिन्याशी बसलेल्या असतात. आज म्हणाल्या, आता मी काही घालत नाही. गरज उरली नाही.
हाताचा पंजा लोंबतो. डाव्या हातानं उजवा धरून लिहितोय.

२८ ऑक्टोबर
खरेदीदार आले. शाईत काय किती घालता, एवढंच विचारलं. आठवेना. माझं कधी पाठ नव्हतंच, तिच्या वहीत —
प्याक बघत राहिला. मी उठून निघून आलो. कसा, माहीत नाही.

२९
फोनची बटणं दाबता येत नाहीत. दोन्ही हात —
मावशी म्हणतात, लिहा. खरं ते लिहा, मग मी स्वतः हॉस्पिटलची गाडी बोलावते. पेन मुठीत धरवून चिंधीनं बांधलं. शेजारी बसल्यात. दुपारचं ऊन आहे पण अक्षर दिसत नाही नीट

लिहितो

धूर ओढणारा पंखा बंद होता. मला माहीत होतं. ती म्हणाली सर डोकं दुखतं. मी म्हटलं आठ दिवस काढ. मास्क होता तिला. नव्हता असं मी लिहून दिलं

शाई माझी नाही

कोणाची, म्हणतात. पूर्ण नाव लिहा म्हणतात, आधी आडनाव, मग नाव. मनगट धरलंय माझं. रडतायत. "लिहा हो साहेब, लवकर लिहा"

शाई केली ती दो ये